हझानांचे गायन ऐकावे कसे: कोल्हापूरच्या रसिकांसाठी एक वाट

रंकाळ्याच्या बाजूला राहणाऱ्या एका ग्रामोफोनप्रेमी गृहस्थांच्या घरी आम्ही चारसहा जण रविवारी सकाळी जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकायला जमत असू. एका रविवारी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी संपल्यावर त्यांनी कसलीही प्रस्तावना न करता दुसरे ध्वनिमुद्रण लावले. खरखरीतून एक पुरुषी आवाज उमटला, मंद्रात दोनचार शब्द पुटपुटल्यासारखे बोलला, मग एका दमात तारसप्तकात चढला आणि तेथे पोहोचल्यावर हुंदका यावा तसा मध्येच तुटून पुन्हा जुळला. भाषा आमच्यापैकी कोणालाच कळत नव्हती. जयपूर घराण्याची तालीम घेतलेल्या एका वयोवृद्ध बाईंनी डोळे न उघडताच विचारले, "हे कोणते घराणे?"

तो आवाज योसेले रोझेनब्लाट यांचा होता. १८८२ साली युक्रेनमधील बिला त्सेर्क्वा येथे जन्मलेले आणि १९३३ साली जेरुसलेम येथे निधन पावलेले हे गायक ज्यू प्रार्थनास्थळात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, प्रार्थना गाणारे हझान होते. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझी काही वर्षे गेली आणि त्या ओघात हे गायन ऐकण्याची जी पद्धत हाती लागली, ती येथे मांडत आहे. पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण त्यासाठी लागत नाही. राग ओळखण्याची सवय, घरातली पेटी आणि थोडा धीर एवढ्यावर काम भागते.

हझान म्हणजे कोण

ऐकायला बसण्यापूर्वी हझानाचे काम काय असते, हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण ते न समजता ऐकले तर सगळे लक्ष आवाजाच्या करामतीवर जाते आणि गाण्याचा अर्थ हातून निसटतो. हझान हा पुरोहित नव्हे आणि मैफलीचा गवईही नव्हे. हिब्रू भाषेत त्याला 'श्लिआख त्सिब्बूर' असेही म्हणतात, म्हणजे समुदायाने देवापुढे पाठवलेला दूत. समुदाय आपापली प्रार्थना पुटपुटत असतो आणि हझान तीच प्रार्थना सर्वांच्या वतीने मोठ्याने, सुरात मांडत असतो. ऑर्थडॉक्स म्हणजे कर्मठ परंपरेत शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या साप्ताहिक विश्रांतीच्या काळात, सिनेगॉगमध्ये वाद्ये वाजवली जात नाहीत, त्यामुळे त्याच्या मदतीला तंबोरा नाही, पेटी नाही, तबला नाही. फार तर पुरुषांचे आणि मुलग्यांचे सहगायन असते. ज्या तबकड्या आपण ऐकतो त्यांतली ऑर्गनची किंवा वाद्यवृंदाची साथ ध्वनिमुद्रणासाठी घातलेली असते. ती मनातल्या मनात बाजूला सारून, एक माणूस भरलेल्या सभागृहात एकट्या गळ्यावर उभा आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणले तर ऐकणे पुष्कळ बदलते.

हझानाची भूमिका सर्वांत स्वच्छ दिसते ती 'हिनेनी' या प्रार्थनेत. रोश हशाना म्हणजे ज्यू नववर्ष आणि योम किप्पूर म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, या दोन प्रसंगी मुसाफ नावाच्या प्रार्थनेपूर्वी हझान ती गातो. तिच्यात तो म्हणतो की मी सत्कर्मांनी दरिद्री आहे, भयाने कापतो आहे, तरीही तुझ्या प्रजेची विनवणी घेऊन तुझ्यापुढे उभा राहिलो आहे. माझ्या दोषांमुळे या लोकांना लज्जित होऊ देऊ नकोस. आपल्याकडे नारदीय गादीवर किंवा वारकरी फडावर उभे राहणारे कीर्तनकार आरंभीच्या नमनात जो लीनभाव घेतात, त्याच्याशी परिचित असलेल्या माणसाला ही प्रार्थना परकी वाटणार नाही. फरक एवढाच की येथे दुसऱ्यांच्या वतीने बोलण्याचे दडपण हाच गाण्याचा विषय आहे. थोर हझानाच्या आवाजात ते दडपण ऐकू येते. सामान्य हझानाच्या आवाजात फक्त नाट्य ऐकू येते. हा भेद कानाला कळू लागला की निम्मे काम झाले, असे मी मानतो.

आपल्या महाराष्ट्रातील बेने इस्रायल समाजाचा आणि या गायनाचा संबंध काय, असा प्रश्न येथे येतोच. बेने इस्रायल शतकानुशतके कोकणात राहिले, त्यांची आडनावे गावांवरून पडली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते 'शनिवार तेली' म्हणवले गेले, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलमधील कथांवर मराठीत कीर्तनेही रचली. परंतु त्यांच्या सिनेगॉगमधील प्रार्थनेची चाल निराळ्या परंपरेतली आहे. या लेखात ज्या गायकांविषयी लिहिले आहे, ते सारे पूर्व युरोपातील अश्केनाझी परंपरेचे आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा काळ हा त्या गायकीचा सुवर्णकाळ समजला जातो.

एका ध्वनिमुद्रिकेवर आठवडाभर राहावे

इंटरनेटवर शेकडो ध्वनिमुद्रणे सहज मिळतात आणि तेच नवख्याचे मोठे संकट आहे. एका बैठकीत वीस गायक ऐकले की सगळे सारखेच रडवे वाटू लागतात. म्हणून पहिला आठवडा एकाच तबकडीवर घालवावा, असे मी आग्रहाने सुचवेन, आणि ती तबकडी रोझेनब्लाट यांच्या 'शिर हामालोस'ची असावी. हे १२६ वे स्तोत्र आहे. मराठी बायबलातील स्तोत्रसंहितेत ते कोणालाही वाचता येईल: सियोनेचे बंदिवान परत आले तेव्हा आम्ही स्वप्न पाहणाऱ्यांसारखे झालो, आणि आसवे गाळीत पेरणी करणारे हर्षाने कापणी करतील, असा त्याचा आशय आहे. शब्बाथच्या जेवणानंतर, आभाराच्या प्रार्थनेपूर्वी, ते घरोघरी म्हटले जाते. पिंखस मिंकोव्स्की या दुसऱ्या हझानाने बांधलेली ही चाल रोझेनब्लाट यांच्या गळ्यामुळे घरोघर पोहोचली. तिच्यात लय सरळ आहे, त्यामुळे आपल्या कानाला धरायला खुंटी मिळते.

ऐकण्याचा क्रम असा ठेवावा. पहिल्या दिवशी स्तोत्र मराठीत दोनदा वाचावे आणि मग ध्वनिमुद्रण एकदाच ऐकावे. दुसऱ्या दिवसापासून हिब्रू शब्द देवनागरीत लिहून घेऊन समोर ठेवावेत. कोणत्या शब्दावर गायक थांबतो, कोणता शब्द पुन्हा घेतो, कोठे आवाज पातळ करून वर नेतो, एवढेच पाहावे. चौथ्या-पाचव्या दिवशी आपोआप असे घडते की 'आसवे' या अर्थाच्या शब्दापाशी आपण आधीच सावध होतो. ख्याल ऐकताना बंदिशीचे शब्द ठाऊक असलेला श्रोता आणि नसलेला श्रोता यांत जे अंतर असते, त्याहून मोठे अंतर येथे आहे. कारण ख्यालात शब्द पुष्कळदा स्वराचे वाहन होतात, हझानाच्या गाण्यात मात्र स्वर शब्दाची चाकरी करतो.

एक व्यवहारातली अडचण येथेच सांगून ठेवतो. जुन्या तबकड्यांवर प्रार्थनांची नावे अश्केनाझी उच्चारात असतात आणि नंतरच्या ध्वनिमुद्रणांवर आधुनिक हिब्रू उच्चारात. 'शब्बोस' आणि 'शब्बात', 'शिर हामालोस' आणि 'शिर हामालोत' ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत. शोधताना दोन्ही रूपे वापरावीत. अमेरिकेतील फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाचा आणि डार्टमथ महाविद्यालयाचा ज्यू ध्वनिसंग्रह, तसेच इस्रायलचे राष्ट्रीय ग्रंथालय, ही शोधाला आरंभ करण्यासाठी भरवशाची ठिकाणे आहेत.

पेटी जवळ घ्यावी

अश्केनाझी प्रार्थनागायनाच्या मुळाशी 'नुसाख' ही कल्पना आहे. कोणत्या वेळी, कोणत्या सणाला, कोणती प्रार्थना कोणत्या स्वरवळणांत म्हणायची, याचा परंपरेने ठरलेला नियम म्हणजे नुसाख. रोजच्या सकाळचा नुसाख वेगळा, शुक्रवार संध्याकाळचा वेगळा, शब्बाथच्या सकाळचा वेगळा आणि योम किप्पूरचा तर दुरूनही ओळखू यावा इतका वेगळा. जाणत्या ज्यू माणसाला डोळे मिटून सिनेगॉगमध्ये नेले तरी केवळ सुरांवरून कोणता दिवस आणि कोणती वेळ आहे, हे त्याला सांगता येते. रागांच्या समयचक्रावर वाढलेल्या आपल्या मंडळींना हे समजावून सांगावे लागत नाही.

नुसाखमधील स्वरपद्धतींना यिद्दिश या पूर्व युरोपातील ज्यूंच्या भाषेत 'श्टायगर' म्हणतात आणि त्यांची नावे त्या त्या प्रार्थनेच्या आरंभीच्या शब्दांवरून पडली आहेत. सर्वांत ओळखीची म्हणजे 'अहावा रब्बा'. पेटीवर षड्ज धरून कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत आणि कोमल निषाद असे वाजवून पाहावे. हे बसंत मुखारीचे स्वर आहेत: खाली भैरव, वर भैरवी. अल्लादियाखाँसाहेबांच्या या गावाला अनवट रागांची गोडी नवी नाही, तेव्हा या स्वरमालेपाशी कान चटकन स्थिरावेल. मात्र स्वर तेच असले तरी चलन बसंत मुखारीचे नाही, हे विसरू नये. हझान षड्जाभोवती कोमल ऋषभ आणि शुद्ध गंधार यांचा जो घोळ घालतो, तो शब्दांच्या आघाताप्रमाणे घालतो आणि वाक्य संपले की तेथेच उतरतो.

याच ठिकाणी एक गंमत करून पाहावी, आणि मला स्वतःला या साऱ्या अभ्यासातली ही सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते. बसंत मुखारीचे तेच स्वर कायम ठेवून मध्यमाला षड्ज मानले की जी मूर्च्छना मिळते, ती किरवाणी. हझान अहावा रब्बामध्ये गाता गाता अनेकदा नेमका हाच पालट करतो: मध्यमावर जाऊन ठाण मांडतो, तोच आता घर वाटू लागतो, आणि काही वाक्यांनंतर पुन्हा मूळ षड्जावर येतो. प्रार्थनेत विनवणीकडून आठवणीकडे किंवा भयाकडून आशेकडे वळण असते तेथे हा पालट पुष्कळदा येतो. पेटीवर दोन्ही षड्ज आळीपाळीने धरून दोनतीन दिवस हे वाजवले की ध्वनिमुद्रणात तो क्षण ऐकू येऊ लागतो. एकदा तो ऐकू आला की त्याची वाट पाहण्याची सवय लागते.

बाकीच्या स्वरमालांविषयी थोडक्यात लिहितो. 'मागेन आवोत'चे स्वर आसावरी थाटाचे आहेत; शुक्रवार संध्याकाळच्या प्रार्थनेत ती भेटते आणि तिचा भाव शांत, सांगितल्यासारखा असतो. 'अदोनाय मालाख' ही खमाज थाटासारखी आहे, पण तारसप्तकात तिचा गंधार कोमल होतो, त्यामुळे क्षणभर जयजयवंतीची आठवण यावी. शब्बाथचे स्वागत करणाऱ्या स्तोत्रांत तिचा प्रसन्न डौल ऐकावा. चौथी 'मी शेबेराख': कोमल गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत, कोमल निषाद. मधुकंसात ऋषभ आणि धैवत मिळवले तर जे होईल ते हे स्वर. कोमल गंधारावरून तीव्र मध्यमावर जाण्यातली व्याकुळता आपल्याकडे मधुकंस गाणाऱ्यांनी सिद्ध केलेली आहे, तिची ओळख येथे कामी येते.

समेची वाट पाहू नये

जयपूर गायकीत वाढलेल्या कानाला एक अडचण हमखास येते आणि ती आमच्या बैठकीतही आली. या गायकीत तान आणि लय एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की लयीच्या आधाराशिवाय गाणे चालू आहे, हेच मनाला पटत नाही. हझानाच्या मुख्य रचना मुक्त पठणाच्या असतात. त्यांत ठेका नसतो, आवर्तन नसते, सम नसते. मन सारखे समेची वाट पाहते आणि ती येत नाही, म्हणून गाणे भरकटल्यासारखे वाटते. यावर उपाय म्हणजे आलापाचा कान लावावा, आणि त्यातही दम मोजावा. हझान एका श्वासात किती शब्द घेतो, कोणत्या शब्दापूर्वी श्वास टाकतो, आणि लांब स्वर सोडल्यावर किती काळ गप्प राहतो, यांवरच त्याची लय उभी असते.

अलंकारांकडेही थोडे लक्ष द्यावे. जलद ताना आपल्या कानाला लगेच कळतात. 'क्रेख्त्स' म्हणजे स्वर सोडताना गळ्यात घातलेला हुंदका मात्र प्रथम अतिरेकी वाटण्याचा संभव आहे. चांगला हझान तो नेमका शब्दाच्या अर्थावर घालतो. जागोजाग घातलेला क्रेख्त्स ही सवय असते, भावना नव्हे. तसेच शब्दांची पुनरुक्ती. प्रार्थनेतले शब्द पुन्हा पुन्हा घेण्याला ज्यू धर्मशास्त्रात आक्षेप आहेत आणि हझानांवर त्याबद्दल टीकाही पुष्कळ झालेली आहे. ख्यालाच्या श्रोत्याला पुनरुक्ती स्वाभाविक वाटते, पण येथे प्रत्येक पुनरुक्तीमागे एक धोका पत्करलेला आहे, हे लक्षात ठेवून ऐकले की ती कोठे सार्थ आहे ते कळते.

एक एक गळा

महिनाभर एवढी तयारी झाली की गायकांची तुलना करायला हरकत नाही. तुलना करताना शक्य तेथे एकच प्रार्थना वेगवेगळ्या गळ्यांतून ऐकावी. ते न जमल्यास एकाच दिवसाच्या, एकाच नुसाखच्या रचना घ्याव्यात.

रोझेनब्लाट यांच्याकडून आरंभ करण्याचे कारण त्यांचा आवाज तत्काळ आवडतो, आणि त्यांच्यापाशी अडकून पडण्याचा धोकाही त्याचमुळे आहे. त्यांचा स्वाभाविक तार आवाज आणि कृत्रिम बारीक आवाज यांच्यामधला सांधा ऐकू येत नाही. करीम खाँसाहेबांच्या बारीक, सुरेल लगावावर प्रेम करणाऱ्या आमच्या भागातल्या लोकांना ते जवळचे वाटतात, यात आश्चर्य नाही. खाँसाहेबांचे मिरज येथून काही कोसांवरच आहे. १९१२ साली ते न्यूयॉर्कला ओहाब झेडेक या सिनेगॉगमध्ये आले. १९१८ साली शिकागोच्या ऑपेरा कंपनीने त्यांना एका प्रयोगाला हजार डॉलर देऊ केले असता, हझानाने रंगमंचावर उभे राहणे योग्य नव्हे म्हणून त्यांनी ते नाकारले. पुढे एका वृत्तपत्राच्या व्यवहारात दिवाळे निघाल्यावर कर्ज फेडण्यासाठी त्यांनी गावोगावच्या रंगमंचांवर गायन केले, पण शब्बाथ पाळूनच. टायटॅनिक बुडाल्यानंतर मृतांसाठी त्यांनी ध्वनिमुद्रित केलेली 'एल माले राखामिम' ही मृतात्म्यांच्या शांतीची प्रार्थना ऐकताना या माणसाचा निग्रह आवाजाइतकाच महत्त्वाचा वाटू लागतो.

त्यांच्यानंतर ताबडतोब झावेल क्वार्टिन ऐकावेत. १८७४ ते १९५२ हा त्यांचा काळ. आवाज खर्जाच्या अंगाचा, भारदस्त. 'तिहेर रब्बी यिश्माएल' ही त्यांची तबकडी रोमन सत्तेने मारलेल्या दहा ज्यू विद्वानांच्या, म्हणजे दहा हुतात्म्यांच्या, कथेतील एका प्रसंगावर आहे: रब्बी यिश्माएल स्वतःला शुद्ध करून वर जातात आणि मृत्यूची आज्ञा खरोखर स्वर्गातूनच आली आहे का, असे विचारतात. क्वार्टिन कथा सांगतात, पात्रांचे आवाज बदलतात, आणि उत्तरार्धात कीर्तनकाराने करुण प्रसंग उभा करावा तसे श्रोत्याला धरून ठेवतात. आमच्या बैठकीत रोझेनब्लाट यांच्यावर निस्सीम लुब्ध असलेल्या एका सदस्यांनी हे ऐकून पहिल्यांदा मान्य केले की गोडवा हा या गायनाच्या अनेक गुणांपैकी केवळ एक आहे.

पिएर पिंचिक यांची 'रोझो द शब्बोस' ही रचना मी एकट्याने, रात्री ऐकावी असे सुचवतो. शब्द अरामी भाषेतले, झोहर या गूढग्रंथातले, शब्बाथच्या रहस्याविषयीचे. सुरुवात इतकी हळू आहे की माणूस स्वतःशीच बोलतो आहे असे वाटावे. तेथून आवाज टप्प्याटप्प्याने उघडत जातो. मला विचाराल तर साऱ्या हझानुतमधले, म्हणजे हझानांच्या गायकीतले, हे सर्वांत खोल ध्वनिमुद्रण आहे, आणि हे मत मी बदलेन असे वाटत नाही.

डेव्हिड रॉइटमन यांना 'व्यासपीठाचा कवी' म्हणत. नाजूक, दबक्या आवाजातील त्यांचे काम पहिल्या ऐकण्यात निसटते, म्हणून त्यांच्याकडे उशिरा यावे. मोर्देखाय हर्शमन विल्नाच्या मोठ्या सिनेगॉगचे हझान होते आणि त्यांचा आवाज मोकळा, लोकगीताच्या अंगाचा आहे. लाइब ग्लान्त्झ हे गायक तसेच नुसाखच्या स्वरपद्धतींचे अभ्यासक होते. पेटीवरचा अभ्यास मुरल्यावरच त्यांच्याकडे वळावे, म्हणजे ते काय करीत आहेत हे दिसते. रिचर्ड टकर आणि यान पीअर्स हे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रसिद्ध गायक हझान म्हणूनही गात. त्यांचे आवाज भव्य आहेत, परंतु आरंभ त्यांच्यापासून करू नये; ऑपेराचा थाट एकदा कानात बसला की पठणाची साधेपणाची बाजू ऐकू येईनाशी होते.

स्त्रियांना ऑर्थडॉक्स सिनेगॉगच्या व्यासपीठावर स्थान नव्हते, तरी फ्रायडेले ओइशर, सोफी कुर्त्झर यांच्यासारख्या गायिकांनी तबकड्यांवर आणि रंगमंचावर हेच गायन केले आणि त्यांना 'खाझ्न्ते' म्हणत. १९७५ साली बार्बरा ओस्टफेल्ड या अमेरिकेतील रिफॉर्म या सुधारणावादी ज्यू पंथाच्या पहिल्या दीक्षित स्त्री हझान झाल्या. केसरबाईंच्या आणि मोगूबाईंच्या गाण्यावर पोसलेल्या या शहराने खाझ्न्ते ऐकाव्यात, असे मला फार वाटते. आजच्या गायकांपैकी यित्झाक मेइर हेल्फगॉट यांनी व्हायोलिनवादक इत्झाक पर्लमन यांच्यासोबत २०१२ साली केलेले ध्वनिमुद्रण स्वच्छ आणि सहज उपलब्ध आहे. जुन्या तबकड्यांची खरखर ज्यांना सोसत नाही, त्यांनी तेथून आत यावे.

खरखरीमागचे ऐकणे

१९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी गायकाला कर्ण्यापुढे उभे राहून गावे लागे आणि एका बाजूला तीन-चार मिनिटांहून अधिक मावत नसे. सिनेगॉगमध्ये पंधरावीस मिनिटे फुलणारी रचना त्यामुळे कापून, घाई करून बसवली जाई. १९०२ साली गौहर जान यांनी कलकत्त्यात ज्या अडचणीला तोंड दिले, तीच ही अडचण. तेव्हा तबकडीवरचे गाणे म्हणजे त्या गायकाचे संपूर्ण गाणे असे समजू नये. खरखर घालवण्यासाठी अतिरेकी शुद्धीकरण केलेली ध्वनिमुद्रणे टाळावीत, कारण खरखरीबरोबर आवाजातला श्वासही जातो. हेडफोनपेक्षा खोलीत ठेवलेला साधा स्पीकर बरा. मध्यम आवाजात, थोड्या अंतरावरून ऐकावे.

गेर्शोन सिरोटा यांच्याकडे शेवटी येतो, कारण त्यांना ऐकण्यापूर्वी बाकीचे सगळे कानात असावे लागते. १८७४ साली जन्मलेले सिरोटा १९०८ पासून वॉर्साच्या त्लोमात्स्क्ये येथील मोठ्या सिनेगॉगचे हझान होते आणि तबकड्यांवर गाणाऱ्या अगदी पहिल्या हझानांपैकी एक. आवाज प्रचंड, तारसप्तकातील कंपन लोखंडावर घण पडावा तसे स्पष्ट. अमेरिकेत त्यांचे दौरे झाले, पण प्रत्येक वेळी ते वॉर्साला परतले. त्यांच्यानंतर त्याच सिनेगॉगच्या व्यासपीठावर मोशे कुसेविट्स्की आले. ते आणि त्यांचे तीन भाऊ असे चौघेही हझान होते. युद्ध सुरू झाल्यावर मोशे सोव्हिएत संघात निसटले आणि युद्धानंतर अमेरिकेत १९६६ पर्यंत गात राहिले. सिरोटा वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, अडकले आणि १९४३ च्या उठावात मारले गेले. त्याच वर्षी १६ मे रोजी नाझींनी ते सिनेगॉग सुरुंग लावून पाडले. कुसेविट्स्की यांचे 'शेयिबोने बेस हामिक्दोश', म्हणजे जेरुसलेमचे मंदिर पुन्हा बांधले जावो ही प्रार्थना, आणि सिरोटा यांची कोणतीही तबकडी पाठोपाठ ऐकावी. दोघांनी एकाच घुमटाखाली गायिलेले आहे. तो घुमट नाही. त्याखालचे सूर आहेत.

प्रत्यक्ष प्रार्थना ऐकायची असेल तर

कोल्हापूरहून सोयीचे म्हणजे पुणे. तेथील ओहेल डेव्हिड हे १८६७ साली बांधलेले सिनेगॉग लाल देऊळ म्हणून सर्वांना ठाऊक आहे. तेथे पूर्व युरोपची ही गायकी ऐकू येणार नाही, पण हझान, समुदाय आणि शब्द यांचे नाते डोळ्यांनी पाहता येते, आणि तबकडीवर ते कधीच दिसत नाही. आधी परवानगी घ्यावी. ओळखपत्र जवळ असावे. पुरुषांनी डोके झाकावे. शब्बाथला भ्रमणध्वनी बंद ठेवावा, लिहून घेऊ नये, चित्रे काढू नयेत, ध्वनिमुद्रण तर मुळीच करू नये. गायन कितीही आवडले तरी दाद देऊ नये. आपल्या तोंडून 'वा' निघण्याची सवय कोल्हापूरकराला आवरावी लागते, याची मला कल्पना आहे. हझान आशीर्वचनाच्या शेवटावर येतो, क्षणभर थांबतो, आणि सगळे सभागृह एका आवाजात 'आमेन' म्हणते. हाच शब्द आता तबकडीवरही ऐकून पाहावा, हझानाचा शेवटचा स्वर संपल्यावर जेथे फक्त खरखर उरते, तेथे.